मान टाकणारी गाडी

गाडी चौथ्यांदा गॅरेजच्या दारात उभी राहिली तेव्हा मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. आतून त्याचे दाजी उतरले, थोरल्या बहिणीचे यजमान. तणतणत खडीवरून चालत आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी गाडीतच राहिली होती. राग तरी किती, की माणसाला खडीसुद्धा टोचू नये. मिस्त्रीला हसू आलं, ते त्याने मुकाट्याने गिळलं.

गाडी जुनी, टर्बोची. पण त्यानेच पारखून त्यांना घ्यायला लावलेली. महिनाभर नीट चालली आणि मग चढावर मध्येच मान टाकू लागली. पाच-सात सेकंद जोर जायचा, नंतर आपोआप परत यायचा. मिस्त्रीने टर्बोकडून इंजिनाला हवा नेणारा पाइप बदलला, व्हॉल्व्ह बदलला, सेन्सर बदलला. त्याच चढावर, डिकी भरून, स्वतः चालवून पाहिली. त्याच्या हातात गाडी गरीब गाईसारखी वागायची. दाजींच्या हातात गेली की पुन्हा तेच रडगाणं.

आज दाजींनी निर्वाणीचं सांगितलं.

"गाडी तुझी तुला लखलाभ. आणि आमच्या घरचा रस्ता विसर. तुझ्या ताईलाही सांगितलंय मी तसं."

आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. दोन आठवडे तिचा फोन नव्हता. त्याला घास गोड लागत नव्हता आणि कामात लक्षही लागत नव्हतं.

पण आता त्याच्या मनात वेगळीच पाल चुकचुकली. दाजींना ही गाडी पहिल्यापासून पसंत नव्हती. त्यांचा डोळा दुसऱ्याच एका गाडीवर होता. गाडीत काही नाहीच, माणूसच नाटक करतोय, असं असलं तर? तसं निघालं तर पुरावा ताईसमोर ठेवायचा, मग तिनेच काय ते ठरवावं.

त्याने गोडीगुलाबीने दाजींना पुन्हा गाडीत बसवलं. एकदा तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो, जोर गेला तर गाडी मी ठेवून घेतो, असं म्हणाला. लॅपटॉप गाडीला जोडून मांडीवर घेतला.

गाडी चढाला लागली. पडद्यावर दोन रेषा पळत होत्या, एक टर्बोच्या दाबाची, एक ॲक्सिलरेटरची. दोन्ही वर होत्या. दाजी समोर बघत, ओठ आवळून चालवत होते. अर्धा चढ झाला आणि गाडी ढेपाळली.

"गेला. बघ, गेला जोर."

दाबाची रेषा खाली आली होती. पण तिच्या आधी ॲक्सिलरेटरची आली होती, थेट शून्यावर. मिस्त्रीला आधी हायसं वाटलं आणि मग संताप आला. या माणसापायी त्याची बहीण त्याच्यापासून तुटली होती.

"दाजी, पाय उचललात तुम्ही."

"उचलला? पुरता दाबलाय मी."

"इथे स्वच्छ दिसतंय."

"मग खाली वाकून बघ की."

मिस्त्री वाकला. दाजींची मांडी ताणाने थरथरत होती. मघाशी खडीसुद्धा न टोचलेल्या त्याच अनवाणी पायाने, अंगातला सगळा जोर एकवटून ते दाबत होते, पेडलच्या शेजारची नुसती मॅट, आणि पायाला त्याचा पत्ताच नव्हता.