पाण्याचं विरजण

डॉ. सुलक्षणा आत्राम प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा राजधानीहून आलेले सरकारी अधिकारी कारखानीस साहेब कुलूप आणि हवालदार शेडमाकेबाईंना घेऊन दारात उभे होते.

"प्रोत्साहन निधी संपला, मॅडम. तुमचे जिवाणू आता एका खासगी कंपनीला द्यायचेत. तसा करार झालाय."

पांढरकवड्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडने कित्येक पिढ्यांची हाडं वाकवली होती. सरकारने इथल्या विद्यापीठाला निधी दिला आणि सुलक्षणाबाईंनी फ्लोराइड खाणारे जिवाणू घडवले. ते माठात सोडले की पाणी निर्धोक होई.

कारखानीसांनी कपाट उघडलं. आत नुसत्या धुतलेल्या बाटल्या होत्या.

"जिवाणू कुठायत?"

"घरोघरी. दह्याच्या विरजणासारखे एकीने दुसरीला दिले. आता वणीपर्यंत गेलेत."

"हा गुन्हा आहे! नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या. निधी जिल्ह्यासाठी आला होता, तो जिल्ह्याला पोचला."

कारखानीस चिडून शेडमाकेबाईंकडे वळले. "सगळे माठ जप्त करा!"

शेडमाकेबाई जागच्या हलल्या नाहीत.

"मग माझ्याच घरापासून सुरुवात करावी लागेल, साहेब. माझ्या थोरलीचे पाय वाकले, धाकटीचे सरळ आहेत. तो माठ मी देणार नाही."