नळीचं दुसरं टोक

मधल्या दाराची कडी खळ्ळकन वाजली आणि थोरलीचा हात ताटावरच थांबला. यादी लागल्यापासून बारा दिवस त्या दाराला कुणी हात लावला नव्हता.

धाकटी जाऊ आत डोकावली. "ताई, जेवण झालं का? साहेब आलेत बांधाची आखणी करायला. नळीचं एक टोक धरायला माणूस नाही. आपली पुरुषमंडळी संध्याकाळशिवाय उगवायची नाहीत. येता का जरा?"

"मी कशाला? तुझं शेत, तुझा बांध."

"तुमच्यासारखा हात आहे का माझा? माझ्या हातून कपबशीसुद्धा धड राहत नाही." धाकटी हसली. ते हसणंच थोरलीला झोंबलं.

बांधाच्या सरकारी मदतीचे अर्ज दोघींनी एकाच दिवशी भरले होते, एकच पेन आलटूनपालटून. नाव एकीचंच लागलं. काम वरून खाली येतं, आधी वरचं शेत, तुमचं पुढे बघू, असं कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. वाटणीत ते वरचं, उताराचं, गोट्यांचं रान धाकटीच्या वाट्याला गेलं, तेव्हा थोरली मनात म्हणाली होती, सुटले बाई.

आता नाही म्हटलं तर डोळ्यांवर येईल, म्हणून ती निघाली. पदराला धरून लेकही निघाली.

शेतात कृषी सहायक वाट बघत होता. आखणीच्या चुन्याच्या फक्कीने गुडघ्यापर्यंत पांढरा, म्हणून सगळे त्याला फक्कीसाहेब म्हणत. झाडाला एक नवी पाटी टेकवून ठेवलेली. सरकारी मदतीतून बांध, आणि खाली धाकटीचं नाव, आडनावासकट. थोरलीचं नाव लग्नपत्रिकेनंतर कुठे छापून आलं नव्हतं.

"हे बघा ताई," कंबरेएवढ्या काठीला बांधलेलं, पाणी भरलेल्या लांब पारदर्शक नळीचं टोक त्याने तिच्या हातात दिलं. "दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर आलं, की दोन्ही जागा एका पातळीत. चालताना तोंडावर अंगठा, म्हणजे सांडत नाही. थांबलात की काढायचा. राहिला तर पाणी हलत नाही आणि आखणी चुकते."

"चुकली तर?"

"बांध एका जागी खाली बसतो. मोठा पाऊस झाला की तिथूनच फुटतो, रान धुऊन नेतो. आणि एकदा मदत घेतलेल्या शेताला पुन्हा मिळत नाही. म्हणून म्हणतो, नीट धरा. उद्या सकाळी मशीन येतंय."

पहिल्या दोन खुणा नीट झाल्या. थोरली थांबायची, अंगठा काढायची. पाणी वरखाली व्हायचं, फक्कीसाहेब दोन पावलं वर, एक पाऊल खाली करायचा. मग धाकटी तिथे फक्की टाकायची.

तिसऱ्या खुणेला धाकटी तिकडून ओरडली, "ताई, आता माझी माती माझ्याकडेच राहणार हं! इतकी वर्षं दर पावसाळ्यात तुमच्या रानाला आहेर करत होते!"

फक्कीसाहेब मोठ्याने हसला. थोरलीही हसली. अंगठा मात्र उचलला नाही.

"काढला का ताई?"

"काढला."

पाणी जागचं हललं नाही. "वा! पहिल्याच दमात जुळलं!" फक्कीसाहेब म्हणाला. थोरली उभी होती ती जागा खोलगट होती. तिच्या पावलांना ते कळत होतं. चौथ्या खुणेला तसंच झालं. पाचव्यालाही. फक्कीची रेघ सरळ, सुंदर पुढे चालली होती. लेक पायाशी बसून ढेकळं फोडत होती आणि मधूनमधून वर बघत होती.

शेवटच्या खुणेला धाकटी धावत आली. हातभर फक्की, कपाळावरही. "ताई, दमलात तुम्ही. आता हिला धरू दे. माझ्या बांधाला माझ्या पुतणीचा हात लागू दे की." तिने आपल्या पदराने लेकीचं नाक पुसलं आणि काठी तिच्या हातात दिली. "तुमचा नंबर लागला ना ताई, की तुमच्या रानात दिवसभर नळी मी धरीन. बोलावलं नाहीत तरी येईन."

थोरलीने काठी परत घ्यायला हात पुढे केला. पण लेक टाचा उंचावून उभी राहिली होती. जीभ दातांत धरून तिने आपला इवलासा अंगठा नळीच्या तोंडावर नीट बसवला.

"अंगठा काढला का गं, बाळ?" लांबून हाक आली.

लेकीने तिकडे बघितलं नाही. काकूकडेही नाही. तिने मान वर करून आईकडे बघितलं.

"आई, काढू? का तुझ्यासारखा ठेवू?"