बोलत राहा

रविवारी जेवतानाही दहावीतल्या जान्हवीची नजर फोनवरून हटेना, तेव्हा राजेशने तो हिसकावून घेतला. एरवी ती भांडली असती, आज रडायलाच लागली. “पप्पा, ओरड हवं तर, पण फोन दे. प्रांजल घरात एकटी आहे, जगायचंच नाही म्हणतेय. मी तिला बोलण्यात गुंतवून ठेवलंय.” राजेश चरकला. “मला का नाही सांगितलंस?” “तू फोनच काढून घेतला असतास.” त्याने फोन तिच्या हातात ठेवला आणि स्कूटर काढली. “तिच्याशी बोलत राहा, आपण येतोय म्हणून सांग.” घाटकोपरहून विक्रोळीपर्यंत जान्हवी त्याच्या पाठीमागे बसून बोलत राहिली. दार उघडताच प्रांजल मैत्रिणीच्या गळ्यात पडली. राजेशने प्रांजलच्या आईला फोन लावला, मग तो दोघींसमोर मांडी घालून बसला. “आई येईपर्यंत आम्ही इथेच आहोत.”