बोळ्याने दूध

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर ताईंचा धाकटा भाऊ तीन दिवस निपचित पडून होता. आज नर्सने नाकातल्या नळीतून पातळ दुधाळ अन्न सुरू केलं, थेंबाथेंबाने. “एवढंसंच?” ताईंनी विचारलं. “आतडी झोपलीत, मावशी. हळूच उठवायची. हे पचलं, की जीव भांड्यात पडला.” थेंब बघता बघता ताईंचे डोळे जडावले. खोली पाण्यासारखी डचमळली. त्या दहा वर्षांच्या झाल्या. मांडीवर सातव्या महिन्यातच जन्मलेला हाच भाऊ, आणि हातात दुधात भिजलेला कापसाचा बोळा. मोठेपणी तो ऐटीत विचारायचा, “मी काय बोळ्याने दूध पितो?” तान्हेपणी मात्र चोखतही नव्हता. “पी रे, राजा,” त्या पुटपुटल्या. “मावशी, ऐका.” नर्सने स्टेथोस्कोप त्यांच्या कानांत घातला. भावाच्या पोटात गुडगुडत होतं. “आतडी जागी झाली,” नर्स हसली. ताईंना तीन दिवसांत पहिल्यांदाच कडकडून भूक लागली.