काशीकाकींचे बोंबील

मे महिन्यात तीन दिवस रजा काढून मी नव्या कॉम्प्युटरवर खेळत बसलो. खेळात वीज कडाडली, की खालच्या काशीकाकी दुखरे गुडघे घेऊन चार जिने चढायच्या आणि गच्चीवर वाळत घातलेले बोंबील गोळा करायच्या. येताना आमचे पापडही आणून द्यायच्या.

"ऊन हाय खरं, पन गडगडलं त येनारच!"

मी आभार मानून पुन्हा खेळायला बसायचो.

तिसऱ्या दिवशी लाज वाटली. "काकी, ते गडगडतं माझ्या कॉम्प्युटरमध्ये."

"तुजा खेल हाय व्हय त्यो!" काकी पोट धरून हसल्या.

चौथ्या दिवशी मी ऑफिसात असताना खराखुरा वळीव कोसळला. आधी अर्धा तास गडगडत होतं म्हणे. काकी जागच्या हलल्या नाहीत. माझ्या खरेपणावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला होता.