स्कूटरसोबत एकच माणूस

गुडघे गेलेले, म्हणून मुलाने थीम पार्कच्या दारातच मला बॅटरीची स्कूटर भाड्याने घेऊन दिली. मूठ पिळली की चालायची. मी पुढे, मुलगा-सून बाजूने आणि डब्यांच्या पिशव्या घेऊन बायको मागे.

दुपारी होडीच्या खेळापाशी दोन तासांची रांग होती. स्कूटरला मात्र वेगळं फाटक. "आबा, तुमच्यामुळे आमची चैन हो!" सून म्हणाली.

फाटकावरच्या मुलीने हात आडवा केला. "आजोबा स्वतः बसणार असतील तरच सोडते. सोबत एकच माणूस."

"मी बसतो, त्यांना धरायला कोणी हवं," मुलगा म्हणाला.

"मागच्या खेळातही तूच धरलंस," सून म्हणाली. दोघांची तिथेच जुंपली. बायको सवयीने सावलीतला बाक शोधत होती. सकाळपासून ती एकाही खेळात बसली नव्हती, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. मीसुद्धा.

"अगं, पिशव्या दे त्याच्याकडे," मी म्हणालो. "तू चल."

"आईला पाण्याची भीती वाटते, आबा," मुलगा म्हणाला.

"नाही बाई, मला असलं जमायचं नाही," ती म्हणाली. मग पिशव्या मुलाच्या हातात दिल्या, चपला काढल्या आणि माझ्याआधी होडीत जाऊन बसली.