थांबलेला हात

पडद्यावर मेंदूच्या मधोमध दोन पिवळे स्वल्पविराम चमकत होते. डॉक्टरांनी त्यांवर पेन टेकवलं.

"हे डोपामिनचं कोठार. कंपवात असता तर इथला उजेड विझत गेलेला दिसला असता. तुमचा लख्ख आहे, काकू. हात थरथरतो तो चक्करेवरच्या गोळीमुळे. ती डोपामिनला काम करू देत नाही. आजपासून ती बंद. दोन-तीन महिन्यांत हात थांबेल."

"मग शनिवारचा व्यायाम?" काकूंच्या मुलाने, साकेतने विचारलं.

"गरज नाही."

साकेतने मोठा श्वास सोडला. मंदाकिनीबाई आपल्या हाताकडे पाहत राहिल्या. आनंद व्हायला हवा होता. नौपाड्यात त्या एकट्याच राहत. हात थरथरायला लागल्यापासून साकेत दर शनिवारी माजिवड्याहून यायचा, त्यांना व्यायामाला न्यायचा, नखं कापून द्यायचा, जेवून जायचा. त्याआधी तो फक्त सणासुदीला येत असे. त्याची बायको वल्लरी बदली होऊन बंगळूरला गेलेली. नोकरी सांभाळून घरचंही तोच बघायचा.

दिवाळीपर्यंत हात शांत झाला. साकेतने एकदा फोनवर विचारलं, "शनिवारी येऊ का?"

"कशाला दगदग करतोस? बरी आहे मी," त्या म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या.

पुन्हा त्याने विचारलं नाही. शनिवारी मात्र त्या पोळ्या दोघांच्याच करत राहिल्या.

मग एका शनिवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला.

"हात दाखव बघू."

मुद्दाम थरथरवावा, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी हात सरळ समोर धरला. तो जराही हलला नाही.

"छान," साकेत म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला. मागे टेबलावर हॉटेलातून मागवलेला एकच डबा अर्धवट उघडा पडला होता. खिडकीचे पडदे भर दुपारी ओढलेले होते.

"अजिबातच नाही का गं थरथरत?" त्याने हळूच विचारलं. "कधीतरी, थोडासा?"

मंदाकिनीबाईंनी त्याच्या मागच्या त्या एकट्या डब्याकडे पाहिलं.

"थरथरतो रे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात हलवून दाखवला.